कसर

लोकरीच्या गोदामात मी एकतीस वर्षं वजनं लिहिली.
काट्यावर शंभर किलो चढायची,
धुऊन निघाली की साठ.
उरलेली चाळीस, म्हणजे मेणचट, माती, कारूतली काटेरी बियाणं,
त्यांना वेगळा रकाना होता : घट.
घट धरली की हिशेब मिटायचा.
चाळिसांसाठी कोणी रडत नसे.

म्हणून छपरावर पॅनेलं बसली तेव्हा
तीच वही काढली, मागची कोरी पानं.
जुलै. नळात बर्फ, ऊन मात्र लख्ख.
आले : सतरा युनिट.
घराने घेतले, ग्रिडला गेले, मिळून : पंधरा.
बॅटरी काल होती तेवढीच भरलेली.
दोन?

डेन्झिल शनिवारी आला, पायपुसण्यावर बूट घासत.
"नोझुको आंटी, चोरी नाही झालेली. हात लावून बघा."
बोळातल्या भिंतीवरची इन्व्हर्टरची पेटी
कोमट होती,
अंगात कसर असलेल्या पोरासारखी,
थर्मामीटर लावावा की नको, इतपत.

मग तो चहा घेत सांगत राहिला :
उन्हाची वीज एकाच दिशेने धावते,
घरातली येरझारा घालते,
एकीची दुसरी करताना थोडी घासतेच.
बॅटरीचं तर शेजारणीला उसनं दिलेल्या पिठासारखं,
शीग लावून द्यायचं,
परत येतं ते सपाट माप.
"आणि पन्नास वॅट ही पेटी स्वतःच खाते.
रात्रंदिवस.
वीज गेली तर लगेच उठायला हवं ना, म्हणून झोपतच नाही."

पन्नास गुणिले चोवीस.
एक पूर्णांक दोन.
मी हे त्याच्यासमोरच केलं, बोटांवर.

वीज हल्ली फारशी जात नाही आमच्याकडे.
दोन वर्षांपूर्वी रोज जायची, वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असायचं.
ते अजून तिथेच आहे, कडा पिवळ्या.

झोलिले रोझमीडच्या सिग्नल केबिनमध्ये रात्रपाळीला असायचा.
शेवटची काही वर्षं रात्री गाड्याच येत नसत.
तरी कंदील, कोट, खांडांवर हात.
गाडी आली नाही तरी पगार पूर्ण.
सकाळी घरी यायचा तेव्हा डोळे लाल,
मी विचारायची, काय केलंस रात्रभर?
म्हणायचा, होतो.

डेन्झिलने एक सोय दाखवून ठेवली होती,
दहा ते सहा पेटीला झोपवायची.
एका सोमवारी झोपवली.
घर इतकं गप्प झालं की मीच जागी राहिले.
त्या गुणगुणीची सवय कधी लागली होती, कळलंच नव्हतं.
अडीचच्या सुमारास खरंच वीज गेली.
पेटीला जाग यायला वेळ लागला,
मी अंधारात सातापर्यंत मोजलं.
काही झालं नाही. चुलीवरचं घड्याळ
शून्य शून्य मिचकावत बसलं, एवढंच.

सकाळी बटण परत फिरवलं.
का, ते वहीत लिहिलेलं नाही.

वहीत लिहिलंय :
जागरण एक पूर्णांक दोन, रूपांतर अर्धा.
घट धरली.
ओले मोजे आता पेटीवरच्या खिळ्याला टांगते.
डेन्झिलने नको म्हटलंय,
हवा खेळायला हवी म्हणे.

पण दोनातून एक पूर्णांक सात गेले
तर तीन दशांश उरतात, आणि ते सापडत नाहीत.
शिडी लावून पॅनेलं पुसली, धूळच धूळ,
पण ती आत येण्याआधीची तूट, या रकान्यात बसत नाही.
वायरी चाचपल्या. मीटर दोनदा वाचला.
काल म्हणून काहीतरी शोधताना
झोलिलेचा रेल्वेचा कोट ट्रंकेतून निघाला.
कॉलरला कसर लागलेली.
दोन भोकं, वीस सेंटच्या नाण्याएवढी.
कोट तसाच काट्यावर ठेवला, सवयीने.